चाळीस लाखांना मोफत घर : एका आश्वासनाचा हिशेब

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले. महाराष्ट्रातील निवडणुकांना आश्वासने नवी नव्हती. विहीर, रस्ता, कर्जमाफी, नोकरी हे सभेतले नेहमीचेच विषय होते. पण एवढा मोठा आकडा, घरासारखी टिकाऊ वस्तू आणि ‘मोफत’ हा शब्द एकाच वाक्यात क्वचितच आला होता. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या प्रचारसभांत या घोषणेने टाळ्या घेतल्या. निवडणुकीत शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या आणि १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. त्यानंतर या घोषणेचे काय झाले, हे पाहायचे तर साकीनाका, जरीमरी, असल्फा आणि चांदिवली हा उपनगरातला पट्टा सोयीचा आहे. डोंगरउतार, विमानतळाची भिंत, खाणींची जुनी जमीन आणि खैरानी रोडवरचे गाळे हे सगळे इथे एकमेकांना खेटून आहे, आणि झोपडपट्टीच्या प्रश्नाचा जवळजवळ प्रत्येक प्रकार इथे सापडतो.

घोषणेची घडण आधी पाहायला हवी. त्यात घेणारा होता, त्याची संख्या होती, मिळणारी वस्तू होती. कधी, कुठल्या जमिनीवर आणि कोणाच्या पैशाने, हे मात्र नव्हते. व्यासपीठावरून या तीन गोष्टी सांगायला कोणताच नेता उत्सुक नसतो. तारीख सांगितली तर ती चुकते. जमीन सांगितली तर तिचा मालक जागा होतो. पैसे कोणाचे हे सांगितले, तर टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच काही हात थांबतात. शिवाय परप्रांतीयांच्या लोंढ्यांविरुद्ध बोलत वाढलेल्या पक्षाने हे वचन दिले होते आणि या ४० लाखांत उत्तर प्रदेश, बिहार, तमिळनाडूतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. सभेत अशी दोन विधाने शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कारण तिथे उलटतपासणी नसते.

आकडा मात्र कागदावर मांडून पाहता येतो. एका कुटुंबात पाच माणसे धरली तर ४० लाख माणसांना ८ लाख घरे लागतात. सरकारची मुदत पाच वर्षांची. म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार, दिवसाला सुमारे ४४० घरे, तीही रविवार आणि दिवाळीची सुट्टी न घेता. हा हिशेब करायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, चौथीतला मुलगा पुरतो. तरीही प्रचारात तो फारसा कोणी विचारला नाही. आकडा प्रचंड असला की ऐकणारा त्याला संख्या म्हणून घेत नाही, नेत्याच्या हिमतीचा दाखला म्हणून घेतो.

सत्तेवर आल्यावर वाक्याची योजना करणे भाग पडले. ज्येष्ठ सनदी अधिकारी दिनेश अफजलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे आजचे ‘एसआरए’, उभे राहिले आणि २५ डिसेंबर १९९५ पासून कामाला लागले. कोऱ्या पाटीवरची ही सुरुवात नव्हती. १९९१ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना झोपडपट्टी पुनर्विकासाची योजना आलीच होती. तिच्यात झोपडीधारकाने स्वतःचा काही हिस्सा भरायचा होता आणि बिल्डरच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती. नव्या योजनेत ही दोन्ही बंधने गेली. रहिवाशाचा हिस्सा शून्य झाला, कारण घोषणाच ‘मोफत’ची होती. आणि रहिवासी काही देणार नाही म्हटल्यावर बिल्डरला खुले रान देण्यावाचून सरकारकडे फारसे काही उरले नाही.

योजनेचा मूळ गाभा असा होता. झोपडपट्टीतील ७० टक्के रहिवाशांची संमती मिळवून विकासक इमारत बांधायचा आणि प्रत्येक पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य द्यायचा. इमारतीच्या देखभालीसाठी दर घरामागे २० हजार रुपयेही ठेवायचा. बदल्यात त्याला खुल्या बाजारात विकायला जादा बांधकाम मिळे. उपनगरांत जेवढे पुनर्वसनाचे बांधकाम तेवढेच विक्रीचे, शहर भागात त्याहून थोडे कमी, धारावीसारख्या अवघड जागी थोडे जास्त. भूखंडावर न मावणारे बांधकाम टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून दुसरीकडे नेता येई, पण मूळ जागेच्या उत्तरेला. त्यामुळे त्याचा भार मुख्यतः अंधेरी, बोरिवली, मुलुंडसारख्या उपनगरांवर पडला. सरकारी तिजोरीतून पैसा जात नसल्याने कागदावर ही योजना बिनखर्चाची दिसते. प्रत्यक्षात शेजारच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणारा मध्यमवर्गीय आपल्या किमतीतून झोपडीवाल्याच्या घराचा खर्च देतो, आणि त्याच गल्लीतून दुप्पट माणसे व गाड्या जाऊ लागल्यावर उरलेली किंमत सगळा परिसर देतो.

आठ लाख घरांचा हिशेब इथेच मोडतो. २२५ चौरस फुटांप्रमाणे ८ लाख घरे म्हणजे १८ कोटी चौरस फूट. ती फुकट द्यायची तर साधारण तेवढेच बांधकाम बाजारात चढ्या भावाने विकले जायला हवे. एवढे बांधकाम पाच वर्षांत बाजारात ओतले तर भाव पडणार, आणि भाव पडले की योजना थांबणार. म्हणजे आश्वासन पूर्ण करायचा प्रयत्न जेवढा जोरात, तेवढे ते पूर्ण होणे अवघड. घडलेही तसेच, किंबहुना त्याआधीच. मुंबईतील जागांचे भाव १९९५ च्या सुमारास शिखराला पोहोचले आणि नंतर काही वर्षे घसरत राहिले. विकासकांनी हात आखडता घेतला. अडलेल्या प्रकल्पांसाठी १९९८ मध्ये सरकारने शिवशाही पुनर्वसन प्रकल्प ही कंपनी काढली, तरी १९९९ मध्ये युतीची सत्ता गेली तेव्हा पूर्ण झालेल्या घरांची संख्या हजारांतच होती.

विक्रीच्या भावावर चालणारी योजना जिथे भाव आहे तिथेच जाते. हमरस्त्याला लागून असलेली सपाट झोपडपट्टी विकासकांना हवी असते. असल्फ्याच्या डोंगरावरची वस्ती किंवा जरीमरीतली विमानतळाच्या भिंतीलगतची गल्ली नको असते. साकीनाक्याच्या बऱ्याच भागावर विमानांच्या उड्डाणमार्गामुळे इमारतींच्या उंचीचे बंधन आहे, आणि उंची नाही म्हणजे विक्रीचे मजले नाहीत. सर्वाधिक धोका डोंगरउतारावर, आणि योजना तिथेच सर्वात मंद. २६ जुलै २००५ च्या पावसात साकीनाक्याला दरड कोसळून अनेक माणसे गेली ती अशाच उतारावरच्या वस्तीतली. खैरानी रोडच्या आजूबाजूला आणखी एक अडचण आहे. तिथली झोपडी बहुधा नुसते घर नसते. खाली शिलाई, भंगार किंवा सुट्ट्या भागांचे काम आणि वर पोटमाळ्यावर संसार असतो. सातव्या मजल्यावरच्या २२५ चौरस फुटांत संसार कसाबसा बसतो, काम बसत नाही. वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू तर पात्रतेच्या यादीतच येत नाही.

विमानतळाच्या जमिनीचा प्रश्न त्याहून किचकट. कुर्ला, जरीमरी, सांताक्रूझ बाजूने सुमारे २७६ एकरांवर ८० हजारांच्या आसपास कुटुंबे राहत असल्याचे सांगितले जाते. जमीन केंद्राची, झोपडपट्टीचा कायदा राज्याचा, विमानतळ खासगी कंपनीकडे. २००७ मध्ये पुनर्वसनाचे काम एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिले गेले, पुढे तो करार रद्द झाला. कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या जुन्या आवारात बांधलेली हजारो घरे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि भिंतीलगतच्या झोपड्या भरलेल्याच राहिल्या. प्रत्येक निवडणुकीत इथे ‘आहे त्याच जागी पक्के घर’ हे वाक्य नव्याने ऐकू येते. उंचीचे बंधन आणि जमिनीची मालकी यांच्याबद्दल बोलणारा उमेदवार मात्र विरळा.

याच परिसरात चांदिवलीची संघर्षनगर वसाहत आहे. ती सभेतल्या घोषणेतून निघाली नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणे हटवावीत म्हणून बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपने १९९५ मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली. ७ मे १९९७ च्या आदेशाने वस्ती हटवायचे ठरले, पण १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत असलेल्यांना ७ हजार रुपये भरून पर्यायी जागा मिळावी, असेही ठरले. आधी कल्याणकडची जमीन दाखवली गेली. रोजगार मुंबईत आणि घर तिकडे, हे लोकांना परवडणारे नव्हते. निवारा हक्क सुरक्षा समितीच्या दीर्घ लढ्यानंतर चांदिवलीतील खाणींच्या सुमारे ८० एकर जागेवर वसाहत झाली आणि पहिल्या टप्प्यात जवळपास १२ हजार कुटुंबे तिथे आली. तिथेही विकासकाने घरे बांधली ती टीडीआरच्या मोबदल्यातच, आणि शाळा, दवाखाना, पाण्यासाठी रहिवाशांना पुढेही भांडावे लागले. तरी या व्यवहारात नावांची यादी होती, भरायची रक्कम होती, जमीन होती आणि विचारणा करायला न्यायालय होते. ही घरे व्यासपीठावरून नव्हे, तर मोर्चा आणि कोर्ट यांच्या जोरावर उभी राहिली, हे नमूद करण्यासारखे आहे. उद्यानातली उरलेली कुटुंबे मात्र अजून थांबलेली आहेत.

मोफत घराच्या राजकारणाचे खरे यंत्र म्हणजे पात्रतेची तारीख. १९७६ च्या जानेवारीत झोपड्यांची पहिली मोठी गणना झाली आणि फोटोपास दिले गेले. त्यानंतर ही मर्यादा १९८०, १९८५, १९९० अशी सरकत १ जानेवारी १९९५ वर आली. पुरावा म्हणून मुख्यतः मतदारयादी धरली गेली. त्याचा अर्थ साधा आहे: ज्या यादीवरून मत मिळते त्याच यादीवरून घर मिळते. यादीत नाव असलेला पात्र, कारकुनाच्या चुकीने नाव गळलेला अपात्र. वस्तीत ‘परिशिष्ट-२’ हा शब्द ज्याला माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण, कारण पात्र-अपात्रांची ही यादी लागली की अर्ध्या गल्लीची झोप उडते. आणि मर्यादा एकदा सरकली की पुन्हा सरकेल, असे सगळ्यांना वाटू लागते. नवी झोपडी बांधणारा भविष्यातल्या निवडणुकीवर पैसे लावत असतो, आणि आजवर त्याचा अंदाज फारसा चुकलेला नाही.

हा दोष एका पक्षाच्या माथी मारता येत नाही. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे वचन दिले. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी पुन्हा सत्तेवर आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि मुंबईचे शांघाय करण्याची भाषा सुरू झाली. डिसेंबर २००४ पासून काही आठवड्यांत १९९५ नंतरच्या सुमारे ८० हजार झोपड्या पाडल्या गेल्या. ज्यांना ऑक्टोबरमध्ये मतदार म्हणून साकडे घातले होते, त्यांच्या सामानावरून डिसेंबरात बुलडोझर फिरला. पक्षश्रेष्ठींच्या हस्तक्षेपानंतर मोहीम थंडावली. २००० ची मर्यादा कायद्यात यायला पुढची दहा वर्षे गेली. ती आली २०१४ मध्ये, म्हणजे पुन्हा निवडणुकीच्याच वर्षी. त्यानंतर भाजप-शिवसेना सरकारच्या काळात २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना सशुल्क घर देण्याची दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने त्यासाठी अडीच लाख रुपये ठरवले. दरम्यान घराचे क्षेत्र २२५ वरून २६९ आणि मग ३०० चौरस फूट झाले, तर संमतीची अट ७० वरून ५१ टक्क्यांवर आली.

‘नाही’ म्हणणारा नेता का सापडत नाही, याचे उत्तर चांदिवली मतदारसंघाच्या निकालात आहे. साकीनाक्याचा बहुतांश भाग याच मतदारसंघात येतो. लाखो मतदारांच्या या मतदारसंघात २०१९ ला शिवसेनेचे दिलीप लांडे यांनी काँग्रेसचे नसीम खान यांना अवघ्या ४०९ मतांनी हरवले. एवढ्या मतांवर आमदारकी ठरत असेल, तर एका चाळीची किंवा एका गल्लीची नाराजी ओढवून घेणारे खरे बोलण्याची चैन उमेदवाराला परवडत नाही.

१९९५ च्या प्रचारातली इतर दोन वाक्ये या घोषणेची भावंडे शोभतात. भाजपचे गोपीनाथ मुंडे यांनी दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, असे सांगितले होते. ऑगस्ट १९९५ मध्ये सरकारने करार रद्द केला, कंपनीशी पुन्हा बोलणी झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये आधीपेक्षा मोठ्या क्षमतेचा प्रकल्प मंजूर झाला. समुद्र तिथेच राहिला. पुढे महाग विजेचे ओझे राज्य वीज मंडळावर आले. दुसरी गोष्ट एक रुपयात झुणका-भाकरची. ती सुरू झाली, लोकांनी खाल्लीही, पण रुपयात भाकर देणे अनुदानावाचून शक्य नव्हते. अनुदान आटले आणि अनेक केंद्रांवर दुसरेच पदार्थ मिळू लागले. भारतातल्या अशा वचनांत तमिळनाडूचे उदाहरण जुने आहे. १९६७ च्या निवडणुकीत द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे कबूल केले. सत्तेत आल्यावर अण्णादुराईंच्या सरकारने निवडक शहरांत रुपयाला एक माप दिले. तरी तिथे माप कमी झाले हे गिऱ्हाइकाला लगेच दिसले. घराच्या बाबतीत मात्र तीस वर्षे ‘काम चालू आहे’ म्हणता येते.

गरिबांसाठी केलेले प्रत्येक वचन लोकानुनयाचे असते, असे मात्र नाही. रोजगार हमी योजना हे महाराष्ट्राचेच उदाहरण. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हे वचन मोफत घराइतकेच मोठे होते. पण त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर बसवण्यात आला. आजही मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जातात ते याच करापोटी. घेणारा कोण आणि देणारा कोण, हे कायद्यातच लिहिलेले होते. म्हणून शहरातल्या माणसाने कुरकुर केली तरी योजना टिकली, आणि केंद्राने २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशभराचा कायदा केला.

अलीकडे घोषणांचा रोख घराकडून थेट बँक खात्याकडे वळला आहे. त्याला कारण आहे. खात्यात पैसे टाकायला जमीन लागत नाही, संमती लागत नाही आणि विमानतळाची परवानगीही लागत नाही. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये लाडली बहना योजना आली. महाराष्ट्रात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. महिना १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च. नोव्हेंबरच्या मतदानाआधी काही हप्ते जमाही झाले. प्रचारात सत्ताधारी महायुतीने २,१०० रुपयांचे आश्वासन दिले, विरोधी महाविकास आघाडीने ३,००० चे. दोन्हींकडच्या सभांत आकडा वाढत होता, तो कुठून भरायचा हे वाढत नव्हते. महायुती प्रचंड बहुमताने निवडून आली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० रुपयांची तरतूद नव्हती. योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवलेले होते, आणि त्याच अर्थसंकल्पात ४५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट दाखवली होती. त्यानंतर पडताळणी सुरू झाली आणि सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारच सांगू लागले. अर्ज मतदानापूर्वी सढळ हाताने मंजूर करायचे आणि निकष मतदानानंतर लावायचे, ही पद्धत परिशिष्ट-२ च्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना ओळखीची वाटेल. ज्या घरांत या दीड हजारातून गॅस किंवा शाळेची फी भरली जाते, तिथे त्यांचे मोल मोठे आहे. आक्षेप मदतीला नाही, मतदानापुरती पात्रता वाटण्याला आहे.

कायद्याचे हात याबाबतीत आखूड आहेत. तमिळनाडूतील मोफत टीव्ही-मिक्सरच्या आश्वासनांविरुद्धच्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी निकाल दिला. जाहीरनाम्यातील वचन हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खालील भ्रष्ट आचार ठरत नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र निवडणूक आयोगाला मार्गदर्शक सूचना करण्यास सांगण्यात आले. त्यानुसार आचारसंहितेत जाहीरनाम्यावर स्वतंत्र भाग आला: आश्वासनामागचा तर्क दिसावा आणि पैसा उभा करण्याचा मार्ग ढोबळपणे सांगावा. २०२२ मध्ये खर्च व महसुलाचा तपशील ठरावीक नमुन्यात द्यावा, असा प्रस्ताव आयोगाने पक्षांपुढे ठेवला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली तीही त्याच वर्षी जुलैमध्ये. नंतरच्या निवडणुकांत रेवड्यांचा भाव उतरला नाही, आणि त्या वाटण्यात त्यांचा स्वतःचा पक्षही मागे राहिला नाही.

चाळीस लाखांच्या घोषणेचा ताळेबंद आता बराचसा मांडता येतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे ४२ टक्के माणसे झोपडपट्टीत होती. जवळपास तीन दशकांत एसआरएखाली साधारण अडीच लाख घरे झाली, म्हणजे पाच वर्षांत द्यायच्या घरांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. ज्यांना ती मिळाली त्यांच्या डोक्यावर पक्के छप्पर आले, हे खरेच. पण लिफ्टचे बिल आणि देखभालखर्च झेपत नाही म्हणून घर भाड्याने देऊन पुन्हा झोपडीत गेलेलेही आहेत. भाडे थकवून ट्रान्झिट कॅम्पमध्ये सोडून दिलेल्यांच्या तक्रारी वेगळ्याच. बोरिवलीच्या एका संस्थेचा २००३ पासून रखडलेला प्रकल्प सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या यश डेव्हलपर्स खटल्यात ३० जुलै २०२४ रोजी निकाल देताना न्यायालयाने १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखालील सोळाशेहून अधिक प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयात पडून असल्याची नोंद घेतली आणि या कायद्याच्या कामगिरीचीच तपासणी करण्यास उच्च न्यायालयाला सांगितले. त्यासाठी उच्च न्यायालयाने स्वतंत्र खंडपीठ नेमून सुनावणी सुरू केली. विकासकाची निवड, पात्रतेच्या यादीतील घोळ, थकलेले भाडे आणि मोकळ्या जागांचा अभाव हे विषय त्या सुनावणीपुढे आले.